दाजींची बादली

रविवारी सकाळी ताईचा फोन. "अरे, हे बादलीत काहीतरी कालवायला निघालेत, तू जरा बोल यांच्याशी." गिरणाऱ्याच्या मळ्यात दाजींनी हौसेनं बांधलेला स्विमिंग पूल हिरवा पडलाय, सुटीला नातवंडं येणार आहेत आणि नेमका तेव्हाच 'केमिकलमुक्त पूल' हा मेसेज तीन ग्रुपवरून आलाय. तीन ठिकाणहून आला म्हणजे खरा, हे दाजींचं शास्त्र.

मेसेज थोडक्यात असा: क्लोरीन विष आहे, युद्धात माणसं मारायला वापरलं होतं. पुलाला वास आला की क्लोरीन जास्त झालं, बंद करा. त्याऐवजी तुरटी फिरवा, मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, टाका. तरीही हिरवं राहिलं तर ब्लीचिंग पावडर आणि संडास धुवायचं ॲसिड समप्रमाणात बादलीत कालवून रात्री सोडा.

शेवटचं आधी घेतो. बाकीच्यानं फार तर पाणी घाण राहील, यानं माणूस जाईल. ब्लीचिंग पावडरवर ॲसिड पडलं की तिथल्या तिथे क्लोरीन वायू सुटतो. २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममध्ये इप्रजवळ जर्मनांनी सोडला तो हाच. म्हणजे पहिल्या ओळीत ज्या वायूची भीती घातली, तोच शेवटच्या ओळीत घरी बनवायला शिकवलाय! लिहिणाऱ्याला हे कळलंही नसेल. हा वायू हवेपेक्षा जवळजवळ अडीचपट जड, त्यामुळे खाली बसतो, पंपाच्या खड्ड्यात साचतो. आणि त्या खड्ड्यात रात्री कोण उतरणार? दाजी नाही, मळ्यावरचा गडी. त्या वेळी खोकल्यावर निभावलं असं वाटलं, तरी फुप्फुसात पाणी काही तासांनी भरू शकतं. मी अंबडच्या एका कारखान्यात पाणी शुद्धीकरणावर वीस वर्षं काढली. तिथे ही दोन पिंपं एका खोलीत ठेवायलासुद्धा बंदी होती.

"पण पूलवाले ॲसिड टाकतातच की," दाजी म्हणाले. टाकतात, नाही म्हणत नाही. बोअरचं पाणी जड, त्यात ब्लीचिंग पावडरनं पीएच, म्हणजे पाणी आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा, आणखी चढतो. पीएच साडेसातच्या आसपास असेल तर क्लोरीनचा निम्मा भाग जंतू मारण्याच्या रूपात असतो, आठवर गेला की जेमतेम पाव. मग पोतंभर पावडर ओता, पाणी हिरवंच. म्हणून ॲसिडनं पीएच ७.२ ते ७.८ मध्ये आणतात. पण ॲसिड वेगळं, पाण्यात पातळ करून, पंप चालू ठेवून. पावडर त्यानंतर काही तासांनी, वेगळ्या बादलीतून. द्राक्षावर फवारणी करण्याआधी हेच दाजी टाकीतल्या पाण्याचा पीएच मोजतात. पुलात मात्र अंदाजपंचे.

वासाचं तर साफ उलटं आहे. डोळे चुरचुरवणारा तो वास घाम आणि लघवीशी क्लोरीनचा संयोग होऊन आलेला असतो. बहुतेक वेळा क्लोरीन कमी पडलंय, असाच त्याचा अर्थ.

तुरटीनं गाळ बसतो, खरं आहे. जलशुद्धीकरण केंद्रातही वापरतात, पण तिथे नंतर क्लोरीन घालतात, तेवढं मेसेजमध्ये गाळलंय. मोरचुदानं शेवाळ आटोक्यात येतं, हेही द्राक्षावर बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, फवारणाऱ्याला मी काय सांगणार. पण जंतूंवर तांबं फार सावकाश चालतं, आणि जास्त झालं तर फरशीवर निळे-हिरवे डाग पडतात.

क्लोरीनच का, याचं उत्तर अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण केंद्राच्या एका तक्त्यात आहे. लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीन, पीएच ७.५, तापमान २५ अंश असेल तर घातक ई-कोलाय मिनिटाच्या आत मरतो, काविळीचा 'ए' विषाणू सुमारे १६ मिनिटांत, जिआर्डिया हा पोटातला परजीवी ४५ मिनिटांत. जुलाब लावणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी मात्र दहा दिवसांहून जास्त तग धरतो. तेव्हा क्लोरीन म्हणजे रामबाण नव्हे, जुलाब होणारं पोर पुलात उतरवायचंच नाही. ताईला हे दोनदा सांगितलं, कारण धाकटा नातू कायम पोट बिघडवून येतो.

दाजींचा पूल २० बाय १० फूट, सरासरी खोली ४, म्हणजे साधारण साडेबावीस हजार लिटर. लिटरला २ मिलिग्रॅम राखायचं तर ४५ ग्रॅम क्लोरीन, म्हणजे ताज्या ३३ टक्क्यांच्या पावडरीतून जवळपास १३५ ग्रॅम. आत्ता हिरवं आहे म्हणून पहिल्या खेपेला त्याच्या पाचपट, भिंती घासून, फिल्टर रात्रभर चालू ठेवून. पावडर पाण्यात कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळ तेवढी ओतायची. तीही संध्याकाळी, कारण उन्हात क्लोरीन दोनेक तासांत बहुतेक उडून जातं. क्लोरीन उतरल्याचं किटवर दिसेपर्यंत पोरं काठावरच.

टेस्ट किट मी दाजींच्या हातात दिलंय. ॲसिडची बाटली येताना माझ्या गाडीत घालून आणली. पीएच मोजून फोन केला की नेऊन देईन.