कातर रे भाजी, आणि मी सफरचंद म्हणून खाल्लेला कांदा

गेल्या महिन्यात पणजीला जाणं झालं आणि नेहमीप्रमाणे त्या पुतळ्यासमोर पाय थबकले. जुन्या सचिवालयाच्या शेजारी, मांडवीच्या काठाला. लांब झग्यातला पाद्री, दोन्ही हात पुढे, बोटं ताणलेली, आणि त्याच्या पुढ्यात एक बाई मागे कोसळतेय. लहानपणी आम्ही कुडाळहून एसटीने पणजीला यायचो तेव्हा मला याची जाम भीती वाटायची, मी बाबांचा शर्ट धरून उभी राहायचे आणि बाबा म्हणायचे, "गे, तो आबे फारिया. माणसांका निजवायचो." एवढंच. का निजवायचो, कसो निजवायचो, काही नाही.

आता वाचून झाल्यावर कळतं की ते निजवणं म्हणजे संमोहन, आणि त्यात हा माणूस किती भारी होता. आणि माझं मत अगदी स्पष्ट आहे, कोणाला राग आला तर येऊ दे, तो पुतळा शिल्प म्हणून झक्कास आहे (रामचंद्र पांडुरंग कामतांनी केलेला, १९४५ सालचा), पण फारिया जे आयुष्यभर घसा फोडून सांगत होता त्याच्या बरोब्बर उलटं सांगतो.

जुझे कुस्तोदियो दि फारिया, जन्म १७५६, कांदोळी. आईबापांचं पटलं नाही, वेगळे झाले, बाप पाद्री झाला आणि आई जुन्या गोव्यात मठात गेली, म्हणजे सिरियलवाल्यांना सुद्धा सुचणार नाही असलं बालपण. पंधराव्या वर्षी बापाबरोबर लिस्बनला, तिथून रोमला, १७८० साली पाद्रीपण. मग ती सगळ्या गोव्याला पाठ असलेली दंतकथा, की पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचनाला उभा राहिला आणि समोर ती सगळी बडी मंडळी बघून तोंडातून शब्द फुटेना, तर बाप खालून हळूच कोकणीत म्हणाला, ही सगळी भाजी, कातर रे भाजी! आणि गडी सुटला. खरं खोटं देव जाणे, पण मला ही गोष्ट फार आवडते कारण पुढे त्याने जे शास्त्र मांडलं ते याच्यातच आहे की. बापाने काय जादू केली? काही नाही. एक वाक्य बोलला, पोराला ते पटलं, बाकी सगळं पोराच्या डोक्यात झालं.

१७८७ ला गोव्यात पिंटोंचं बंड झालं, पोर्तुगिजांनी ते चिरडलं, १५ जणांना फाशी दिली, आणि या बापलेकांवरही संशय होताच. मुलगा पॅरिसला सटकला. तिथे लवकरच राज्यक्रांती पेटली आणि १७९५ साली हा बाबा चक्क एका तुकडीच्या पुढे होता म्हणतात. पाद्री!

तर त्या काळात पॅरिसमध्ये मेस्मेरचं वेड गाजून गेलेलं होतं. मेस्मेर म्हणजे व्हिएन्नाहून आलेला डॉक्टर, त्याचं म्हणणं असं की सगळ्या विश्वात एक अदृश्य द्रव वाहतोय आणि तो शरीरात अडला की माणूस आजारी पडतो. मोठं लाकडी पिंप, त्यातून बाहेर आलेल्या लोखंडी कांड्या, त्या धरून बसलेले श्रीमंत पेशंट, मंद संगीत, आणि मग एकेकाला झटके. राजाने १७८४ साली चौकशी समिती नेमली आणि समितीत कोण, तर बेंजामिन फ्रँकलिन, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए आणि तो गिलोटिनवाला गिलोटिन (ज्या यंत्राला याचं नाव पडलं त्याच यंत्राखाली दहा वर्षांनी लाव्हाझिएची मान गेली, हे आपलं जाताजाता). फ्रँकलिनच्या घरच्या बागेत प्रयोग झाला. मेस्मेरच्या शिष्याने एका जर्दाळूच्या झाडात ही शक्ती भरली, मग बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून आणलं आणि एकेका झाडाला मिठी मारायला लावली. पहिल्या झाडाशी पोराला घाम, पुढे चक्कर, आणि चौथ्या झाडाशी धाडकन बेशुद्ध. शक्ती भरलेलं झाड तिकडे लांबच राहिलं! समितीने लिहून टाकलं, द्रव बीव काही नाही, हा सगळा कल्पनेचा खेळ. झालं, फाइल बंद.

आता गंमत बघा, मुलगा खरोखर बेशुद्ध पडला होता. नुसत्या कल्पनेने धडधाकट पोरगा आडवा होतो ही केवढी मोठी बातमी! पण तिच्याकडे कोणी बघेना. बघितलं ते आपल्या कांदोळीच्या माणसाने. १८१३ पासून पॅरिसमध्ये त्याने जाहीर व्याख्यानं सुरू केली. खुर्चीवर बसवायचं, शांत व्हायला सांगायचं, आणि एकदम खणखणीत आवाजात म्हणायचं, झोपा! काही लोक झोपायचे, काही ढिम्म. आणि तो म्हणायचा की माझ्यात कसलीच शक्ती नाही, द्रव नाही, चुंबक नाही, जे काही आहे ते झोपणाऱ्यात आहे. पाण्याचा ग्लास ब्रँडी समजून प्यायला तर चढते, हे त्याने लिहून ठेवलंय. आज ज्याला सजेशन म्हणतात, म्हणजे सुचवलेली गोष्ट मनाने खरी मानून चालणं, त्याचा पाया हा. त्याच्याही काही थिअऱ्या फुसक्या होत्या, म्हणे ज्यांचं रक्त पातळ ते लवकर झोपतात वगैरे, पण मुद्दा पकडला होता.

लोकांना मुद्दा नको होता, लोकांना जादूगार हवा होता. शातोब्रियां नावाच्या मोठ्या फ्रेंच लेखकाने लिहून ठेवलंय की एका मेजवानीत फारियाने बढाई मारली, मी नुसत्या प्रभावाने कॅनरी पक्षी मारून दाखवतो, आणि कॅनरीच भारी पडली, पाद्रीबाबांना काढता पाय घ्यावा लागला. (बढाई मारली असेल तर चूकच. पण मला त्या कॅनरीचं कौतुक, ती म्हणजे भाजीवाल्या सिद्धांताचा खरा पुरावा. तिला फ्रेंच कळत नव्हतं, विषय संपला.) मग एका नटाने व्याख्यानात जाऊन झोपल्याचं सोंग केलं आणि मध्येच डोळे उघडून त्याची टर उडवली, १८१६ ला त्याच्यावर फार्स निघाला, पॅरिस हसलं, चर्चचे लोक आधीच सैतानाचं काम म्हणून बोंबलत होते. १८१९ साली पुस्तक आलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरात माणूस गेला. गरिबीत. पुढे पंचवीसेक वर्षांनी फ्रेंच कादंबरीकार द्युमाने त्याचं नाव उचलून 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो' मध्ये तुरुंगातल्या म्हाताऱ्या पाद्र्याला देऊन टाकलं आणि त्यालाही इटालियन केलं. आता जगात फारिया म्हटलं की लोकांना खजिन्याचा पत्ता सांगणारा म्हातारा आठवतो, कांदोळी कोणाला आठवत नाही.

हे सगळं मला एवढं का लागतं त्याचं कारण कांदा.

नववीत होते. शाळेच्या हॉलमध्ये संमोहनाचा शो, तिकीट पाच रुपये, काळा कोट घातलेला कोणीतरी जादूगार. त्याने सगळ्यांना दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवायला लावली आणि म्हणाला आता ही चिकटली, सोडवून बघा. ज्यांची सुटली नाहीत त्यांनी वर या. माझी सुटली नाहीत. (आता कळतं, ती निवडच असते. तीनशेतून जे ऐकणारे आहेत ते पंधरा आधीच चाळून घ्यायचे, मग पुढे काय ते सोपं.) वर गेल्यावर डोळे मिटा, जड झाले, काश्मीरला गेलो, थंडी वाजतेय, आणि मग हातात सफरचंद. मी चावा घेतला. कचकन. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि तोंडाने म्हणतेय "गोड आहे". हॉल नुसता फुटला होता हसून.

लोक विचारतात तुला खरंच कळलं नाही का. कळलं होतं हो. कांदा आहे हे मला पूर्ण माहीत होतं, पण ते माहीत असणं कुठेतरी मागच्या बाकावर बसलं होतं, आणि पुढच्या बाकावर सफरचंद. वास यायला उशीर झाला. आणि मला कोणी भाग पाडत नव्हतं, मी मनात आणलं असतं तर टाकून खाली उतरले असते, पण मनात आणावंसं वाटलंच नाही. सोंगही नाही आणि झोपही नाही. घरी जाताना आईने एवढंच विचारलं, "कांदो गोड लागलो काय गो?" दोन दिवस तोंडाला वास होता.

म्हणून जेव्हा कोणी सांगतं ना की अमक्याने डोळ्यात बघितलं आणि बाईने अंगावरचे दागिने काढून दिले, तेव्हा मी म्हणते थांबा. बोलण्यात गुंतवून, घाबरवून, घाई करून फसवणं हा वेगळा धंदा आहे, जुना आहे आणि जोरात चालतो, त्याला संमोहन म्हणून उगाच त्या भामट्यांचा भाव वाढवू नका.

डॉक्टरी बाजू तर अजून इंटरेस्टिंग आहे आणि तिचा एक तुकडा आपल्याच देशातला. १८४५ चा एप्रिल, बंगालमधलं हुगळी. जेम्स एस्डेल नावाचा स्कॉटिश सर्जन. भूल द्यायचं औषध तेव्हा नाहीच, ऑपरेशन म्हणजे चार जणांनी धरायचं आणि उरकायचं. समोर एक कैदी वेदनेने कळवळतोय. एस्डेलने मेस्मेरिझम कधी डोळ्याने पाहिलेलंही नव्हतं, नुसतं वाचलेलं, तरी करून बघितलं. जमलं. मग त्याने नादच लावून घेतला, मोठमोठ्या गाठी काढल्या. तासनतास अंगावरून हात फिरवायला दवाखान्यातली देशी पोरं ठेवली कारण याचे स्वतःचे हात दुखायला लागले! तिथल्या एका मांत्रिकाला झाडफूक करताना बघून त्याला वाटलं, अरे हा तर माझंच करतोय. १८४६ ला कलकत्त्यात सरकारने त्याला छोटं हॉस्पिटलही काढून दिलं. आणि नेमकं त्याच वर्षी ऑक्टोबरात बोस्टनला भूल द्यायचं ईथर आलं. डिसेंबरात लंडनला लिस्टन नावाच्या सर्जनने ईथर देऊन पाय कापला आणि जाहीर केलं की या यांकी युक्तीने मेस्मेरिझमला पार धुळीला मिळवलं. बरोबरच होतं म्हणा. ईथर सगळ्यांना चालतं, चांगला पेशंट निवडावा लागत नाही.

हिप्नॉटिझम हे नाव रूढ केलं ते मँचेस्टरच्या जेम्स ब्रेडने, १८४३ च्या पुस्तकात, ग्रीक निद्रादेवावरून. नंतर त्याला स्वतःलाच पटलं की ही झोप नाहीच, नाव बदलायला बघितलं, पण तोवर नाव चिकटलं होतं. माझ्या बोटांसारखं.

आणि मग पॅरिसचा डॉक्टर शार्को. इथे मला राग येतो. साल्पेत्रिएर हॉस्पिटल, बायकांचं, आणि तिथे हा भर सभेत बायकांना संमोहित करून हिस्टेरियाचे झटके आणून दाखवायचा. फ्रॉइडसुद्धा १८८५ ला शिकायला आलेला. १८८७ चं एक प्रसिद्ध चित्र आहे, ब्लांश विटमन नावाची पेशंट मागे कलंडलीय आणि समोर सगळे कोटवाले पुरुष टक लावून बघतायत. ओळखीचं वाटतं ना? पणजीचाच पुतळा, फक्त प्रेक्षकांसकट. शार्को १८९३ ला गेला आणि म्हणतात की त्यानंतर ब्लांशचे झटकेही थांबले. पुढे ती त्याच हॉस्पिटलात नोकरीला लागली, एक्स-रे विभागात, आणि त्या किरणांनी हात गमावले. नान्सी गावच्या डॉक्टर बर्नहाइमने शार्कोला सरळ विरोध केला, की हा आजार वगैरे काही नाही, ही सजेशन आहे, आणि आमच्या आधी हे फारियाने सांगितलंय. गेल्यानंतर ७० वर्षांनी का होईना, कोणीतरी नाव घेतलं.

पण लोकांच्या मनात बसला तो १८९४ च्या कादंबरीतला स्वेंगाली, गरीब मुलीला भारून गायला लावणारा. त्याचीच पिल्लं पुढे सगळीकडे. आम्ही इंद्रजाल कॉमिक्समध्ये मँड्रेक वाचायचो, त्याने नुसता हात केला की गुंडाच्या पिस्तुलाचा साप! हिंदी पिक्चरमध्ये ते लोंबकळणारं घड्याळ. २००९ ला तर टीव्हीवर लोक पलंगावर पडून मागचा जन्म बघून येत होते. संमोहनात आठवलेलं सगळं खरं असतं हा तर शुद्ध गैरसमज, त्या अवस्थेत नसलेल्या आठवणीही छान तयार होतात आणि वर माणूस त्याबद्दल छातीठोक बोलतो. माझ्या एका नातेवाईक बाईने दोन दिवसांच्या कोर्सला चांगले पैसे मोजले आणि सर्टिफिकेट घेऊन आल्या, आता त्या मागच्या जन्मीचे कर्ज फेडून देतात. या जन्मीचं होम लोन तसंच.

आणि जिथे खरं काम चालू आहे तिथे घड्याळ नाही नि काळा कोट नाही. त्याच ब्रेडच्या मँचेस्टरमध्ये १९८४ पासून सतत पोट बिघडणाऱ्या, आयबीएसच्या पेशंटवर संमोहनाचे उपचार झाले आणि औषधांनी फरक न पडलेल्यांसाठी आज ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शनातही ते आहेत. बेल्जियममध्ये लिएजला १९९२ पासून हजारो ऑपरेशनं अशी झालीत की जागेपुरती भूल, थोडं औषध, आणि बाकी संमोहन. पेशंट जागा.

मला हे वाचून माझंच आठवलं. चार वर्षांपूर्वी हाताची छोटी सर्जरी होती, फक्त हात बधिर केलेला, मी थरथरत होते. डोक्याशी बसलेल्या भूलतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या, गाव कुठलं? मी म्हटलं कुडाळजवळ. नदी आहे का? म्हटलं व्हाळ आहे. मग व्हाळात उतरायचं कुठून, पाणी किती थंड, दगड कसले, मासे चावतात का पायाला. मी सांगत गेले. मध्येच म्हटलं, सुरू कधी करणार? म्हणाल्या, टाके घालतायत. मॅडमनी हाताने काही केलं नाही, बोटं ताणली नाहीत. व्हाळ माझा होता.

तर परवा त्या पुतळ्यापाशी एक जोडपं फोटो काढत होतं, बहुतेक कोल्हापूरकडचं. नवरा फारियासारखे हात करून उभा, बायको मागे पडतेय, आणि त्यांची आठदहा वर्षांची मुलगी मोबाईल धरून, "आई नीट पड ना!" तीनदा पडली बिचारी. चौथ्यांदा सरळ उभी राहिली, ओढणी कमरेला खोचली आणि नवऱ्याला म्हणाली, "आता तुम्ही पडा, मी हात करते."