‘जखम खरवडून मोठी केली’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

वडिलांच्या तळपायाची जखम आम्ही खरवडून मोठी केली, गरज नसताना रक्तवाहिन्यांची तपासणी लावली, व्हॅक्यूम मशीनचं बिल घेतलं आणि तरी महिन्यात जखम भरली नाही, असं तुम्ही लिहिलंय. पेशंटचे कागद इथे उघडे करता येत नाहीत, म्हणून तुमच्याच मजकुरापुरतं बोलतो.

जखम मोठी दिसणारच. शुगरच्या पायात वरून रुपयाएवढं छिद्र असतं, कडेचा घट्टा कापला की आतली पोकळी दिसते. घट्टा आणि मेलेलं मांस काढल्याशिवाय खालून लाल मांस धरत नाही. ‘खरवडताना बाबा हूं की चूं करत नव्हते, म्हणजे फार काही नव्हतंच’ हे वाक्य मात्र काळजीचं आहे. पायाची जाणीव गेली की दुखत नाही. नव्या कोल्हापुरीचा अंगठा चावला तरी कळत नाही, आणि नवरात्रात अनवाणी चालणाऱ्यांचं तर विचारूच नका.

मशीन म्हणजे जादू नव्हे. साधारण उणे १२५ मिलिमीटर (पाऱ्याच्या) दाबानं, म्हणजे हलक्या ओढीनं, ते जखमेतलं पाणी ओढतं, सूज उतरवतं. स्पंज दोन-तीन दिवसांनी बदलावा लागतो, खर्च त्याचाच जास्त. पण पायाला रक्तच पोचत नसेल तर मशीन लावून पैसे घेणं ही फसवणूक झाली असती. म्हणून आधी घोट्याचं आणि दंडाचं बीपी ताडून बघतो. शुगरमुळे धमन्या कडक झाल्या असतील तर तो आकडा फसवा चांगला येतो, मग डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह बघणारी तपासणी, करावा लागतो.

आता खरा मुद्दा. ‘बाबा ठणठणीत आहेत, रोज रंकाळ्याला फेरी मारतात’ असं तुम्हीच लिहिलंय. तळपायाच्या जखमेवर रोज अंगाचा भार पडत असेल तर जगातलं कुठलंही मशीन हरेल! भार काढणारं प्लास्टर किंवा बूट हाच निम्मा उपचार. आणि घरी फेसाळणाऱ्या औषधानं (हायड्रोजन पेरॉक्साइड) जखम रोज धुणं आधी बंद करा, त्यानं नवीन पेशीही मरतात.

महिन्यात जखम भरेल असं आम्ही कुणालाच सांगत नाही. चार आठवड्यांत ती निम्म्यावर यायला हवी. नाही आली तर पुन्हा सगळं तपासून उपचार बदलतो. मोजमापं आणि फोटो फाइलमध्ये आहेत. प्रती घेऊन जा, दुसऱ्या डॉक्टरांना खुशाल दाखवा. पाय लाल, गरम झाला किंवा वास आला तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी घेऊन या.