दोन मिलिमीटरचा सीमाप्रश्न

187 वजा 185 बरोबर 2, एवढं गणित मला तिसरीतच येत होतं. त्या दोनावरून घरात महिनाभर वाद चालेल, हे मात्र गुरुजींनी सांगितलं नव्हतं. 2025 मध्ये गाडी घ्यायची ठरली, ती टाटाची पंच की ह्युंदाईची एक्स्टर, एवढाच प्रश्न होता. पंचचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाखालची मोकळी उंची, तेव्हा 187 मिलिमीटर, एक्स्टरचा 185. दोन्ही गाड्या चार मीटरच्या आत, दोन्हींचं पेट्रोल इंजिन बाराशे सीसीच्या आत, आणि दोन्हींना हल्ली एसयूव्ही म्हणायचं. एकीत 88 घोडे, दुसरीत 83. त्या जादा पाच घोड्यांचं टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर काय करायचं, हे गेट उघडेपर्यंत विचार करूनही कळत नाही.

वस्तू जितक्या सारख्या तितकी भांडायला जागा जास्त, हे आम्हा सीमाभागातल्या माणसांना वेगळं सांगायला नको. 1956 पासून आमचं रेघेच्या अलीकडं की पलीकडं हेच चाललंय, आणि 2004 पासून तो दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. दोन गाड्यांतली एक निवडायला महिना लागला तर बेळगावात त्याला घाई म्हणतात.

मी उद्यमबागेत कामाला. तिथं फाउंड्री, लेथ, क्रँकशाफ्ट. माणसं सगळी लोखंडातली. चहाच्या टपरीवर मी गाडीचा विषय काढला आणि आमच्या मिस्त्रींनी हातातला ग्लास खाली ठेवला.

"सिलिंडर किती?"

"पंचला तीन, एक्स्टरला चार."

झालं. मिस्त्रींनी बाकावर चार ग्लास ओळीनं मांडले. "हे बघ, चार असलं की दोन वर जातात तवा दोन खाली येतात. हिशेब मिटला." मग एक ग्लास काढून घेतला, आणि तो नेमका माझा, अर्धा भरलेला. "आता तीनच राहिले. ह्यो कडेचा वर गेला, त्यो कडेचा खाली आला, म्हणजे इंजिन आपलं डुलायलंय." ग्लास खरोखरच डुलले आणि दोघांचा चहा सांडला. लेथवरचा पोरगा मात्र ऐकेना. सिलिंडर कमी म्हणजे घर्षण कमी, घर्षण कमी म्हणजे पेट्रोल कमी, असा त्याचा हिशेब, आणि तोही खोटा नव्हता. भोंगा होईपर्यंत जुंपली होती. चालवताना कितपत जाणवतं असं विचारलं, तर दोघांपैकी एकानंही दोन्हीतली एकही गाडी चालवलेली नव्हती.

दाजी रेघेपलीकडचे, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातले, शिनोळीजवळचे. त्यांना गाडी कुठलीही चालते, पण नंबर कोल्हापूरचा, एमएच 09 पाहिजे. कारण कर्नाटकात पाच ते दहा लाखांच्या गाडीला आजीवन कर 14 टक्के आणि वर उपकर. पलीकडं पेट्रोलच्या गाडीला 11. पेट्रोलचा कारभार बरोबर उलटा, ते अलीकडं स्वस्त. कोल्हापूरचे लोक कर्नाटकात कोगनोळीपर्यंत येऊन टाकी भरून जातात. म्हणून दाजींचं म्हणणं, गाडी पलीकडं घे आणि पेट्रोल अलीकडं भर. "आणि ऱ्हायाचं कुठं?" असं बायकोनं विचारल्यावर दाजींनी तिसऱ्यांदा पोहे मागितले.

सरकारनं 3 सप्टेंबर 2025 ला जाहीर केलं की असल्या छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा 28 टक्के जीएसटी आणि वरचा 1 टक्का सेस जाऊन सरसकट 18 टक्के होणार, आणि तेही 22 तारखेपासून. 22 ला घटस्थापना, 21 ला सर्वपित्री. दिल्लीतही कुणीतरी पंचांग उघडलं असणार. त्यामुळं पितृपक्षात शोरूममध्ये गिऱ्हाईक म्हणून आम्हीच. एका गाडीभोवती तीन सेल्समन आणि दोनदा चहा. आमच्या वाट्याचा पोरगा फीचर इंग्रजीत सांगायचा, किंमत कन्नडात, आणि सवलत मिळणार नाही हे तेवढं अस्सल मराठीत.

"अम्मा, नोडी," त्यानं आईला एक्स्टरची डिकी उघडून दाखवली. "391 लीटर. त्या गाडीला 366."

आईनं आत वाकून बघितलं. "लीटर? डिकीत दूध घालायचं हाय काय? पोती किती बसतात ते सांग."

पोराच्या माहितीपत्रकात पोती नव्हती. आमचं गाव खानापूरकडं. सुगी झाली की भात तिकडंच कांडून तांदळाची पोती घरी येतात, आणि आईच्या दृष्टीनं गाडी घेण्याचं तेवढंच कारण. तिनं डिकीचा उंबरा हातानं चाचपला, पोतं उचलून टाकायला कमरेला किती लागेल याचा अंदाज घेतला आणि मान हलवली. ती होकाराची होती की कमरेची, कळलं नाही.

पंचच्या बाजूनं आईचं मत पडलं ते दारामुळं. ते दार काटकोनात, सताड उघडतं. नऊवारी सावरत, गुडघा न मोडता ती आत गेली आणि महाराणीसारखी बसून म्हणाली, "हीच घे." बायकोनं तेवढ्यात मोबाइल काढला. पंचला 2021 च्या ग्लोबल एनकॅपच्या, म्हणजे गाडी धडकवून बघायच्या चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच तारे. एक्स्टरला खालच्या मॉडेलपासून सहा एअरबॅग. तारे मोठे की पिशव्या, यावर परतीच्या रिक्षात कुणी कुणाशी बोललं नाही. आमच्या पोराला फक्त सनरूफ पाहिजे होतं. त्याचं मत धरलं नाही.

रात्री जेवण झाल्यावर मी पोराच्या दप्तरातली फूटपट्टी घेऊन गल्लीत उतरलो. शहापुरातली गल्ली, आमच्या दारापुढचा गतिरोधक सरकारी नाही. कुणाच्या तरी स्लॅबचं उरलेलं काँक्रीट गल्लीतल्या पोरांनी ओतलं आणि वर घमेलं उपडं मारलं. नियमातला गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि पावणेचार मीटर रुंद, अंगानं पसरट. आमचा अर्ध्या फुटाचा, आणि दोन पावलांत संपणारा. मी ओणवा होऊन पट्टी लावतोय तोवर समोरचे काका बनियनवर बाहेर आले.

"काय हरवलं?"

"दोन मिलिमीटर."

काकांनी टॉर्च आणली. मग पाच माणसं बसल्यावर स्प्रिंगा दबणार, तेव्हा 187 काय आणि 185 काय, यावर गल्लीचं एकमत झालं. एवढं एकमत मी गणपतीच्या वर्गणीतही बघितलेलं नाही.

निकाल लावला तो विजेच्या खांबानं. गाडी लावायची ती आमची भिंत आणि खांब यांच्या मधल्या जागेत. पंचची रुंदी 1742, एक्स्टरची 1710. बत्तीस मिलिमीटर म्हणजे सव्वा इंच, आणि शहापुरात सव्वा इंच ही जमीनजुमल्यात मोडणारी गोष्ट आहे. शिवाय काटकोनात उघडणारं दार उघडायला पलीकडं तेवढं मोकळं पाहिजे. आमच्याकडं तिथं काकांची स्कूटर. आईला खांबापाशी नेऊन सगळं दाखवलं. ती म्हणाली, "खांब हलीव की." शेवटी एक्स्टर बुक केली. दसऱ्याला नाही मिळाली, कारण त्या दिवशी अख्ख्या जिल्ह्याला गाडी पाहिजे होती. नंबर बेळगावचा, केए 22. दाजींनी पेढा घेतला, पण बोलले नाहीत. मिस्त्रींनी बॉनेटवर तळवा ठेवून डोळे मिटले आणि "चार हायत," म्हणून दाखला दिला.

सुगीनंतर गावाला गेलो. डिकीत दोन पोती मावली, तिसरं आईनं पुढच्या सीटवर उभं करायला लावलं आणि स्वतः मागं बसली. गाडी सुरू केली तर पट्ट्यासाठी टीं टीं सुरू. मशीनला पोतं हे माणूसच वाटत होतं.

"कावायलंय बघ ते," आई म्हणाली. "त्याला पट्टा घाल."

घातला. आवाज थांबला. बेळगावात शिरताना चौकात पोलिसानं हात केला. काच खाली घेतली. त्यानं वाकून माझा पट्टा बघितला, शेजारच्या पोत्याचा बघितला, हातानं जरा ओढूनही बघितला, आणि मग मागं मान वळवून विचारलं, "अम्मा, निम्म बेल्ट एल्ली? तुमचा पट्टा कुठाय?"