अयाळीला तेल लावणारा

ग्रीक पुराणातला घोडा म्हटलं की सगळ्यांना पंखवाला पेगॅसस आठवतो. माझा जीव मात्र झँथस आणि बॅलियसमध्ये अडकलाय. ग्रीक योद्धा अकिलीसच्या रथाचे घोडे. बाप पश्चिमेचा वारा झेफिरस, आई पोडार्गी नावाची हार्पी, म्हणजे अर्धी बाई, अर्धा पक्षी. समुद्रदेव पोसायडनने ते अकिलीसच्या वडिलांना, पेलियसला दिले. त्यांना म्हातारपण नाही, मरण नाही.

आणि होमर ट्रॉयच्या युद्धावरच्या 'इलियड' या महाकाव्याच्या 17व्या सर्गात त्यांना रडवतो.

अकिलीसचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस त्याचं चिलखत चढवून, हेच घोडे जुंपून रणात उतरला होता. ट्रॉयचा राजपुत्र हेक्टरने त्याला मारलं. हे कळताच घोडे जागचे हलेनात. सारथी ऑटोमेडॉनने चाबूक ओढून पाहिला, गोड बोलून पाहिलं, दटावून पाहिलं. ते ना जहाजांकडे फिरायला तयार, ना लढाईत शिरायला. थडग्यावरच्या शिळेसारखे उभे. माना जमिनीपर्यंत खाली, डोळ्यांतून ऊन ऊन पाणी गळतंय, जोखडाशेजारून सुटलेली अयाळ धुळीने माखलेली. वरून बघणारा देवांचा राजा झ्यूसही कळवळला. मर्त्य माणसाला तुम्हाला दिलंच कशाला, म्हणाला.

हा प्रसंग मी कितीदा वाचला असेन. मला वाटतं, अख्ख्या काव्यात पॅट्रोक्लससाठी, निव्वळ त्याच्यासाठी, एवढंच रडणं आहे. 19व्या सर्गात बंदिवान बायका त्याच्या प्रेतापाशी आक्रोश करतात, तेव्हा होमर सरळ सांगतो की निमित्त पॅट्रोक्लसचं, रडणं ज्याचं त्याचं. म्हातारे सरदार उसासे टाकतात ते घरी मागे राहिलेलं आठवून. त्यात खोटं काही नाही, आपणही दुसऱ्याच्या मयतीला जाऊन आपलंच माणूस आठवतो. पण या घोड्यांना ना स्वतःच्या मरणाची धास्ती, ना घरची ओढ. त्यांचं दुःख फक्त त्याचंच.

मरण त्यांनी जवळून पाहिलेलं होतं. त्याच रथाला पेडॅसस नावाचा तिसरा घोडा होता. साधा, मर्त्य, पण या दोघांच्या बरोबरीने पळायचा. ट्रॉयच्या बाजूने लढणाऱ्या सार्पिडॉनचा भाला पॅट्रोक्लसला चुकला आणि पेडॅससच्या उजव्या खांद्यात घुसला. तो किंचाळत धुळीत पडला, जोखड करकरलं, लगाम गुंतले. ऑटोमेडॉनने तलवारीने दोर तोडला, तेव्हा कुठे दोघे सरळ झाले.

पुढे हेरा देवीने झँथसला वाचा दिली, त्याने अकिलीसला तुझाही दिवस जवळ आलाय असं सांगितलं, ते बहुतेकांना माहीत असतं. मला 23वा सर्ग जास्त लागतो. पॅट्रोक्लसच्या अंत्यविधीनंतर रथांच्या शर्यती ठरतात. अकिलीस म्हणतो, माझे घोडे उतरले तर पहिला नंबर त्यांचाच, पण ते पळणार नाहीत. त्यांचा सारथी, पॅट्रोक्लस, गेला. किती मायाळू होता तो! स्वच्छ पाण्याने त्यांना धुवायचा, अयाळीला तेल लावायचा. त्याच्यासाठीच ते उभे आहेत, अयाळ जमिनीला टेकवून.