वीस फूट बाय साठ फूट

जूनमधल्या एका रविवारी दादाने घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या फळ्यावरची नोटीस: 'आवारात क्रिकेट खेळण्यास सक्त मनाई आहे. नुकसान झाल्यास पालक जबाबदार राहतील. हुकुमावरून.' दादा यंदा सेक्रेटरी आहे, म्हणजे हुकूमही त्याचाच. खाली मावशीने अंगठा दिला, एका चुलतभावाने टाळ्या. मी ते वाचलं तेव्हा इथे अमेरिकेत, कनेक्टिकटमध्ये दुपारचे बारा वाजत होते, माझ्या गुडघ्याला गवताचे हिरवे डाग होते आणि गाडीच्या डिकीत पिवळ्या प्लास्टिकची बॅट पडली होती. दर रविवारी सकाळी आम्ही आठ-नऊ जण विफल बॉल (Wiffle Ball) खेळतो. वय वर्षे एकतीस ते त्रेसष्ट.

हा खेळ म्हणजे बेसबॉलचं गल्ली क्रिकेट. चेंडू पांढऱ्या प्लास्टिकचा, आतून पोकळ, अर्ध्या भागाला आठ लांबट भोकं आणि उरलेला अर्धा गुळगुळीत. वजन नाहीच म्हणा. दोन्ही बाजूंनी हवा सारखी वाहत नाही, त्यामुळे माझ्यासारख्या माणसाच्या हातूनही तो असा वळतो की समोरच्याची बॅट नुसती हवेत फिरते. अशा हुकलेल्या फटक्याला इथल्या बोलीत 'व्हिफ' म्हणतात. नाव त्यावरूनच पडलं, फक्त स्पेलिंगमधला एच गाळला.

आमचं मैदान म्हणजे अग्निशमन दलातून निवृत्त झालेल्या एका शेजाऱ्याचं मागचं आवार. बॅट्समनच्या मागे घडीची खुर्ची ठेवतो. चेंडू खुर्चीला लागला की स्ट्राइक, म्हणजे बॅट्समनच्या नावावर एक चूक. पहिल्यांदा ती खुर्ची पाहिली तेव्हा मला डोंबिवलीतला गोडेतेलाचा डबा आठवला. त्याच्यावर एक वीट ठेवायचो, कारण वाऱ्याने डबा पडला तरी बोलर आऊटचं अपील करायचा.

गंमत म्हणजे हा खेळ जिथे जन्मला ते फेअरफील्ड आमच्या घरापासून फार लांब नाही. १९५३ साली तिथे डेव्हिड मुलानी नावाचे गृहस्थ राहायचे. धंदा बुडालेला, पूर्वी स्वतः बेसबॉलमध्ये पिचर, म्हणजे बोलर. त्यांचा बारा वर्षांचा मुलगा मित्राबरोबर मागच्या अंगणात झाडूचा दांडा आणि भोकांचा प्लास्टिकचा गोल्फ बॉल घेऊन खेळायचा. नेहमीचा बेसबॉल त्या अंगणात खेळला तर काचा फुटणार, हे पोरांना कळत होतं. पण तो हलका बॉल वळवायच्या नादात मुलाचा हात दुखायला लागला. बापाने अत्तराच्या पॅकिंगसाठी बनवलेले प्लास्टिकचे पोकळ गोल मिळवले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून ब्लेडने त्यांना निरनिराळी भोकं पाडून पाहिली. आठ भोकांचा नमुना वळला. तोच आजही शेल्टन गावात बनतो, आणि कंपनी अजून त्याच घराण्याकडे आहे. २०१७ साली अमेरिकेच्या खेळण्यांच्या राष्ट्रीय संग्रहालयाने त्याला मानाच्या यादीत घेतलं.

मला या गोष्टीत शोधापेक्षा बाप महत्त्वाचा वाटतो. पोरं खेळताहेत, जागा अपुरी आहे, काचा आहेत, हात दुखतोय. यावर त्याने नोटीस लावली नाही, चेंडू बदलला.

हे वाक्य मी फोनवर दादाला ऐकवलं आणि लगेच पस्तावलो. "तुझ्याकडे मागे पाव एकर हिरवळ आहे," तो म्हणाला, "तू बोलू नकोस. इथे चाळीस फ्लॅट आणि बासष्ट गाड्या आहेत. मागच्या महिन्यात तळमजल्यावरच्या आजींच्या चष्म्यावर बॉल बसला. कुणाच्या गाडीचा आरसा गेला की भांडण माझ्या दारात येतं. आणि पोरांना खेळायचंच असेल तर कोपऱ्यावर टर्फ आहे की!"

आजींच्या चष्म्यापुढे मला उत्तर नव्हतं.

टर्फबद्दल मात्र बोलायला हवं, कारण सध्या घरी कुणाशीही मुलांच्या खेळाचा विषय काढला की गाडी तिथेच येऊन थांबते. हिरवं कृत्रिम गवत, चारी बाजूंनी आणि वरून जाळी, रात्री लखलखाट, तासाचं भाडं. माझा पुतण्या तेरा वर्षांचा आहे, तो नि त्याचे मित्र वर्गणी काढून जातात. या टर्फांना नावं ठेवण्याची एक फॅशन आहे, विशेषतः आम्हा परदेशातल्या लोकांत. 'आमच्या वेळी' म्हणून उसासा टाकला की झालं. मी तसं करणार नाही. आमच्या वेळी वाडीतल्या एकाही मुलीच्या हातात बॅट आली नव्हती. गॅलरीत उभं राहून बॉल परत फेकायचा, एवढंच त्यांचं फील्डिंग. आज माझी भाची ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर रात्री नऊला टर्फवर खेळते आणि जाळीच्या आत तिला कुणी टोमणे मारत नाही. हे आमच्या त्या रम्य गल्लीने तिला दिलं नसतं.

तरीही टर्फवर एक माणूस नाहीसा झाला आहे. कच्चा लिंबू.

खेळायला यायचंच म्हणून रडणारं कुणाचं तरी पाच वर्षांचं भावंड असायचं. त्याला आऊट करायचं नाही, त्याचे रन मोजायचे नाहीत, पण त्याला वाटलं पाहिजे की तो खेळतोय. आणि एक दिवस अचानक कुणीतरी म्हणायचं, आजपासून हा पक्का. तिथून त्याचा खरा खेळ सुरू व्हायचा. आता तासाचे पैसे दहा जणांनी भरलेले असताना अकराव्या कच्च्या लिंबूला कोण आणणार? घड्याळ चालू असतं. त्याच्या तीन बॉलला पैसे पडतात. ज्याच्याकडे वर्गणी नाही तो तर जाळीबाहेरच. पुतण्याला विचारलं, आऊट-नॉटआऊटवरून भांडता का? म्हणाला, "वेळ जातो रे काका. टॉस करतो, हेड आलं तर आऊट." आम्ही त्या वादावर अख्खी संध्याकाळ घालवली आहे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच मुलांबरोबर खेळायला उतरलो आहोत. भांडण मिटवायचं कसं हे ज्या वयात शिकायचं त्या वयात पोरं नाणं उडवताहेत.

इथे, आमच्या रविवारच्या गटात, वाद भरपूर. विफल बॉलमध्ये बहुतेक ठिकाणी कुणी धावत नाही. चेंडू किती लांब पडला त्यावर एक, दोन, तीन बेस (धावेचे टप्पे) किंवा होमरन (थेट पूर्ण धाव), आणि बेसवर 'भूत' धावपटू उभे असतात, म्हणजे फक्त हिशोबात. आपल्याकडे अमुक भिंतीला लागला तर दोन रन आणि कुणाच्या घरात गेला तर आऊट, तोच प्रकार. आमच्यात मेपलच्या झाडाला लागून खाली येताना पकडला तर आऊट आहे की नाही, यावर तीन उन्हाळे निकाल लागलेला नाही. शिवाय नवा गुळगुळीत बॉल कुणालाच नको असतो. फरशीवर घासून, सँडपेपर मारून तो खरखरीत केला की आणखी वळतो, आणि हे सगळे उघडपणे करतात. मी त्यांना केपटाउनच्या २०१८ च्या कसोटीची कथा सांगितली, सँडपेपरपायी ऑस्ट्रेलियाच्या कर्णधाराला वर्षभर घरी बसावं लागलं म्हणून. आमच्या फायरमनला ते खरंच वाटेना. "सँडपेपरसाठी?" तो पुन्हापुन्हा विचारत होता.

पण पाव एकर हिरवळीबद्दल दादा बोलला ते मनात राहिलं, आणि अमेरिकेचा कौल घरच्या डोक्यावर मारण्याआधी मला इथलंही सांगितलं पाहिजे. याच कनेक्टिकटमध्ये, श्रीमंत ग्रिनिचमध्ये, २००८ साली काही किशोरवयीन पोरांनी नगरपालिकेच्या मोकळ्या प्लॉटवरची झुडपं तोडून विफल बॉलचं मैदान तयार केलं. बॉस्टनच्या फेनवे पार्क या बेसबॉल मैदानात हिरवी उंच भिंत आहे, तशी प्लायवूडची भिंतसुद्धा उभी केली. शेजाऱ्यांनी तक्रारी केल्या: आवाज, पाण्याचा निचरा, कुणी पडलं तर जबाबदार कोण. वकील आले, वर्तमानपत्रं आली. शेवटी ते मैदान मोडलं. दादाच्या नोटिशीतलं 'पालक जबाबदार राहतील' हे वाक्य इथे इंग्रजीत फक्त जास्त पानांचं असतं. २०११ मध्ये तर न्यू यॉर्क राज्याच्या आरोग्य खात्याने उन्हाळी शिबिरांच्या नियमांसाठी धोक्याच्या खेळांची यादी काढली, त्यात विफल बॉल होता. ज्याला वजनच नाही तो चेंडू! लोक इतके हसले की यादी मागे घ्यावी लागली.

आणि हिरवळ असली तरी ती कुंपणाच्या आतली. आमच्या रस्त्यावर सात घरांत मिळून अकरा मुलं आहेत, पण रस्त्यावर एकही दिसत नाही. दोन मुलांनी एकत्र खेळायचं तर दोन आयांनी आधी कॅलेंडर जुळवायचं. ज्यांना बेसबॉलची आवड, ती आठव्या वर्षीच गावोगाव सामने खेळणाऱ्या टीममध्ये, आणि आईबाप दर शनिवार-रविवार गाडीत. लहान पिचरांचे खांदे-कोपर इतके दुखावले जायला लागले की २००७ पासून लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेने वयानुसार एका दिवसात किती चेंडू टाकायचे त्यावर मर्यादा घातली. मुलानींच्या मुलाचा हात १९५३ मध्ये दुखला तो स्वतःच्या हौसेने. आमचे खेळाडू सगळे मोठे आहेत, हे मी वर अभिमानाने लिहिलं, पण पोरं त्या वेळी कुठल्यातरी कोचिंगला असतात म्हणून.

तेव्हा 'तिकडे बघा' असं म्हणायला माझ्याकडे काही नाही. मला म्हणायचंय ते इतकंच, की घरचा वाद चुकीच्या मापावर अडलाय. मैदानं वाचवा, ही हाक योग्यच आहे. २०१६ मध्ये मुंबईची मोकळी मैदानं खासगी संस्थांना सांभाळायला द्यायचं धोरण आलं तेव्हा लोकांनी आरडाओरडा केला आणि मुख्यमंत्र्यांना ते थांबवावं लागलं, ते बरंच झालं. शिवाजी पार्क, आझाद मैदान राहिलीच पाहिजेत. पण डोंबिवलीतला सहा वर्षांचा पोरगा संध्याकाळी पाचला आझाद मैदानावर जाणार नाही. त्याचा खेळ जिन्याखाली, दोन विंगच्या मधे, आई खिडकीतून हाक मारू शकेल इतक्या अंतरावर होतो. तिथे आता गाड्या आहेत. म्हणजे प्रश्न महापालिकेइतकाच आपल्या सर्वसाधारण सभेचा आहे, आणि त्या सभेत गाडीला जागा मिळते, कारण गाडीवाला हात वर करतो. पोरांना मत नसतं.

विफल बॉलच्या खोक्यावर नियम छापलेले असतात. खेळायला किमान दोन माणसं. मैदान किमान वीस फूट रुंद, साठ फूट लांब. मी दादाला विचारलं, ए आणि बी विंगच्या मधे किती जागा आहे? तो गप्प बसला. सेक्रेटरी असल्यामुळे त्याला पाठ होतं. "चोवीस फूट," म्हणाला. "पण तिथे पाच गाड्या लागतात."

डिसेंबरमध्ये गेलो तेव्हा बॅगेत एक डझन चेंडू आणि दोन पिवळ्या बॅटी नेल्या. कस्टमवाल्याने बॅट हातात घेऊन एक फटका हवेत मारला आणि परत दिली. सोसायटीत दादाने फळ्यावरची नोटीस उतरवली नाही, तसं करणं सेक्रेटरीला शोभलं नसतं. पण त्याने स्वतःची आणि शेजारच्या जोशीकाकांची अशा दोन गाड्या रविवारी चार ते सहा बाहेर रस्त्यावर लावल्या. तीन गाडीवाल्यांनी नकार दिला. मग त्या तीन गाड्याच फील्डर झाल्या: टपावर पडला तर आऊट.

परत आल्यावर महिन्याभराने पुतण्याचा मेसेज आला. बाराच्या बारा चेंडूंना तडे गेले होते. मग पोरांनी टेनिस बॉलला लावतात तशी इलेक्ट्रिशियनची लाल टेप त्यावर गच्च गुंडाळली, आठही भोकं बंद. आता तो जराही वळत नाही, पण लांब जातो. मी कळवळून लिहिलं की अरे, भोकं हाच तर त्याचा जीव आहे. त्याने उत्तर दिलं: "काका, तुझा बॉल वळतो म्हणून लहान मुलांना लागतच नव्हता. आता सी विंगमधला कच्चा लिंबूपण मारतो."