ट्रेल मोठी की सिक्वेन्स? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आधी थँक्स, आणि राग आलाय तेही कळतंय.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. यांनी माझा टेक्सस होल्डेम या पोकरच्या प्रकारावरचा (प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, खाली सगळ्यांसाठी मिळून पाच) लेख वाचून दिवाळीत मित्रांसोबत डाव मांडला. हातात दोन नव्व्या, खाली तिसरी आली, म्हणजे ट्रेल (तीन सारखे पत्ते) झाली, शेवटी सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या आणि समोरच्याने सिक्वेन्स (ओळीने येणारे पत्ते) दाखवून सगळा पॉट (मध्ये जमलेल्या चिप्स) नेला. यांचं म्हणणं, सिक्वेन्स ट्रेलच्या वर आणि कलर (सगळे पत्ते एकाच चिन्हाचे, जसे सगळे बदाम) हा सिक्वेन्सच्याही वर हे मी उलटंपालटं लिहिलंय, तीन पत्तीत असं कोणी कधी ऐकलेलं नाही, आणि वरून मी 'बहुतेक हात पॅक करा' (म्हणजे पत्ते टाकून डाव सोडा) म्हणतो, तर मग खेळायचं तरी कशाला.

क्रम बरोबर आहे आणि ५२ पत्त्यांच्या पोकरमध्ये सगळीकडे हाच धरतात: हाय कार्ड, पेअर, दोन पेअर, ट्रेल, सिक्वेन्स म्हणजे स्ट्रेट, कलर म्हणजे फ्लश, फुल हाऊस (ट्रेल आणि पेअर एकत्र), चारही सारखे आणि सगळ्यात वर स्ट्रेट फ्लश (एकाच चिन्हाची सिक्वेन्स). हा कोणी मनाला येईल तसा लावलेला नाही, जो हात कमी वेळा येतो तो वर, एवढंच तत्त्व आहे त्यात. ५२ पत्त्यांतून तीन-तीनचे २२,१०० हात होतात, त्यात ट्रेल फक्त ५२, साधी सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६. म्हणून तीन पत्तीत सिक्वेन्स कलरला मारते, बरोबरच आहे. (तिथेही प्युअर सिक्वेन्स, म्हणजे एकाच चिन्हाच्या, ४८ च आहेत, म्हणजे ट्रेलपेक्षा कमी, तरी आपण ट्रेल वर धरतो, तो मात्र रिवाज.) आता पाच पत्ते घ्या. एकूण हात २५,९८,९६०, त्यात कलर ५,१०८, सिक्वेन्स १०,२०० आणि ट्रेल तब्बल ५४,९१२. तीन पत्तीत सव्वाचारशे हातांत एकदा येणारी ट्रेल इथे साधारण ४७ हातांत एकदा येते. तीच ट्रेल, पण तिचा भाव उतरलाय.

असं का होतं ते मला फार आवडतं म्हणून सांगतोच. नव्वी-दश्शी-गुलाम घ्या, प्रत्येक पत्ता बदाम, चौकट, इस्पिक, किलवर यातला कुठलाही चालतो, म्हणजे ४×४×४, ६४ प्रकार. त्याला राणी आणि राजा जोडा, झाले १,०२४. कलरला ही सूट नाही, पहिला पत्ता बदाम आला की पुढचे सगळे उरलेल्या बदामांतूनच यायला हवेत, त्यामुळे पत्ते वाढले की कलर लागणं अवघड होत जातं. होल्डेममध्ये हातातले दोन आणि खालचे पाच अशा सातांतून आपण पाच निवडतो, तरी कलर साधारण ३ टक्के आणि सिक्वेन्स साडेचार टक्क्यांच्या आसपास, म्हणजे क्रम तोच राहतो.

आता तुमच्या डावाकडे येऊ, कारण खरं नुकसान तिथे झालंय आणि ते क्रमामुळे झालेलं नाही. तुम्ही लिहिलंय फ्लॉपला (खाली एकदम उघडतात ते पहिले तीन पत्ते) नव्वी, दश्शी, दुर्री आली, पॉटमध्ये २०० चिप्स होत्या आणि तुम्ही मुद्दाम फक्त २० लावल्या, गिऱ्हाईक पळू नये म्हणून. तीन पत्तीत हे चालून जातं कारण तिथे एकदा वाटलेले पत्ते बदलत नाहीत, तुमची ट्रेल शेवटपर्यंत तेवढीच भारी राहते. इथे अजून दोन पत्ते उघडायचे होते. समोरच्याकडे राजा-गुलाम, सिक्वेन्स व्हायला त्याला फक्त राणी हवी. न दिसलेले पत्ते ४७, राण्या चार, म्हणजे पुढच्याच पत्त्याला साडेआठ टक्के. त्याला २० घालून २४० चा पॉट मिळायची आशा, म्हणजे सव्वाआठ टक्के वेळा जरी जिंकला तरी त्याचं भागतं. तुम्ही त्याला अगदी परवडेल असा रेट दिलात! तिथे १२० लावल्या असत्या तर त्याला २७ टक्के तरी जिंकावं लागलं असतं, आणि समजूतदार माणूस तिथेच पॅक करतो, आणि नाही केलं तर उत्तमच, दर वेळी तो तोट्यात कॉल करतोय (तुमच्याइतक्याच चिप्स लावतोय) आणि तुम्ही कमावताय.

मग टर्नला (चौथा पत्ता) गुलाम, रिव्हरला (पाचवा) राणी. खाली नव्वी-दश्शी-गुलाम-राणी पडलीय, आता ज्याच्याकडे एखादा राजा किंवा अठ्ठी आहे त्याची सिक्वेन्स झालीच, आणि कुठल्याही दोन पत्त्यांत यातलं एखादं असण्याची शक्यताच तीनात एक. अशा वेळी ऑल इन केलं (सगळ्या चिप्स लावल्या) की दोन पेअरवाला घाबरून पळतो आणि सिक्वेन्सवाला आनंदाने कॉल करतो, म्हणजे जो हरणार तो येत नाही, जो जिंकणार तोच येतो. तिथे चेक करायचं होतं, म्हणजे काहीच लावायचं नव्हतं. हातातले पत्ते सोडून खालच्या पत्त्यांकडे बघायची सवय लावा, मी हे पोटतिडकीने सांगतोय कारण तीन पत्तीतून आलेल्या जवळपास प्रत्येकाचं इथेच अडतं.

पॅक करण्याबद्दल. तीन पत्तीत बूट (डावाच्या सुरुवातीचे पैसे) सगळ्यांनाच टाकावा लागतो, म्हणून पॅक करताना जीवावर येतं. होल्डेममध्ये पत्ते वाटायच्या आधी डीलरच्या पुढचे दोघेच पैसे घालतात, स्मॉल ब्लाइंड आणि बिग ब्लाइंड, बाकीच्यांना पॅक करणं फुकट आहे. हातात पेअर सतरात एकदाच येते, पेअर नसलेल्या दोन पत्त्यांना फ्लॉपवर जोडी लागते तीही साधारण तीनात एकदा, तर राणी-चव्वी घेऊन प्रत्येक डावात कशाला उतरायचं? फुकट बसून बाकीचे कसे खेळतात ते बघा, कोण कधी मोठं लावतं, कोण कशालाही कॉल करतं. पुढच्या चांगल्या हाताला तेच कामाला येतं.

पैसे लावून कुठल्या ॲपवर खेळू असंही विचारलंय, तर कुठल्याच नको. २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदा केलाय, आणि हा खेळ शिकायला पैसे लागतही नाहीत. घरी चिप्स नसतील तर शेंगदाणे घ्या, फक्त सगळ्यांना सारखे वाटा आणि संपले की तो माणूस बाहेर हा नियम पाळा, नाहीतर कोणी पॅकच करत नाही.

राहिला शेवटचा प्रश्न, एक्का-दुर्री-तिर्री. तीन पत्तीत ती बहुतेक ठिकाणी एक्का-राजा-राणीच्या खालोखाल दोन नंबरची धरतात. पोकरमध्ये एक्का ते पंजी अशी सिक्वेन्स चालते पण ती सगळ्यात लहान, छक्कीपर्यंतची सिक्वेन्ससुद्धा तिला मारते. आणि राणी-राजा-एक्का-दुर्री-तिर्री अशी गोल फिरवलेली मुळीच चालत नाही, कोणी दाखवली तर देऊ नका.