रिलीज काढताय? मग एवढं कराच

सी भाषेतली पोर्टेबल लायब्ररी (इतर प्रोग्रॅमनी वापरायचा तयार कोड, जो कुठल्याही मशीनवर चालावा) म्हणजे जी तुमच्या लॅपटॉपवर चालते. लॅपटॉप काय, कुठेही नेता येतो. तेव्हा टेस्ट तिथे हिरव्या झाल्या की रिलीजला हरकत नाही. मुहूर्त शुक्रवार संध्याकाळचा धरा, म्हणजे सोमवारपर्यंत एकही तक्रार वाचावी लागत नाही.

विंडोजवर तपासून बघायच्या भानगडीत पडू नका. 64-बिट विंडोजवर लाँग हा पूर्णांकाचा प्रकार 32 बिटांचाच असतो, 64-बिट लिनक्सवर 64 चा, हे खरं. पण पॉइंटर (मेमरीतला पत्ता, तिथे 64 बिटांचा) लाँगमध्ये कोंबणारे तुम्ही काही पहिले नाही. कास्ट टाका, म्हणजे प्रकार जबरदस्तीने बदला. तरीही कंपायलर कुरकुरला तर वॉर्निंगच बंद करा.

ऐन वेळी कुणीतरी एआरएमवाला (इंटेलऐवजी एआरएम प्रोसेसर वापरणारा) उगवेलच. म्हणेल, फाइल वाचताना प्रोग्रॅम अडकून बसतो. कोड उघडलात तर दिसेल की एकेक बाइट वाचणाऱ्या गेटचार फंक्शनचं उत्तर चार (char) या एका बाइटच्या प्रकारात घेतलंय आणि ते ईओएफशी, म्हणजे 'फाइल संपली' सांगणाऱ्या -1 शी, ताडून पाहिलंय. तुमच्या इंटेलवर चार ऋण होऊ शकतो, म्हणून -1 जुळतो आणि लूप थांबतो. (मध्येच 255 चा बाइट आला तर फाइल अर्ध्यातच संपते, पण तेवढं चालायचंच.) एआरएम लिनक्सवर चार ऋण होतच नाही, -1 चे 255 होतात आणि लूप जन्मभर फिरतो. चारच्या जागी इंट (मोठा पूर्णांक) लिहिलं की काम झालं. पण रिलीज तोंडावर असताना कोडला हात लावायचा नसतो. त्यालाच विचारा, "तुमच्याकडे दुसरं मशीन नाही का?"

स्ट्रक्चरच्या (एकत्र बांधलेल्या माहितीच्या) मधोमध नवं फील्ड घुसवलंय, आणि जुने प्रोग्रॅम त्याने मोडणार? आवृत्तीचा शेवटचाच आकडा वाढवा, 4.2.6 चं 4.2.7. पहिला आकडा वाढला की लोक उगाच सावध होतात.

टारबॉल (रिलीजचं फाइलींचं गाठोडं) मात्र स्वतःच्या फोल्डरमधूनच बांधा, गिटमध्ये (सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या नोंदवहीत) नसलेल्या चार फाइली गेल्या तर जाऊ देत. 2024 मध्ये एक्सझेड या फाइली आवळणाऱ्या प्रोग्रॅमच्या 5.6.0 आणि 5.6.1 च्या टारबॉलमध्ये अशीच गिटमध्ये नसलेली एक एम4 फाइल (बिल्डची, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम बनवण्याची, स्क्रिप्ट) होती, आणि चोरदरवाजा बिल्डमध्ये शिरला तो तिच्यातून. तो सापडला कसा? एसएसएच लॉगिनला (दुसऱ्या मशीनवर दुरून शिरायला) अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे एकाच्या लक्षात आलं म्हणून. यावरून धडा घ्या आणि आपली लायब्ररी मुळातच संथ ठेवा.

4.2.7 चा टॅग ढकललात की लगेच 4.2.8 ची तयारी. एआरएमवाल्याने एव्हाना स्वतःच पॅच पाठवला असेल. चेंजलॉगमध्ये (बदलांच्या यादीत) त्या पॅचला "किरकोळ सुधारणा" म्हणायचं.